टाकीत उतरायला सांगितलं तर काय बोलाल?

आपल्या वस्त्यांतले अनेक बांधव सफाईच्या कामावर आहेत. ड्रेनेज तुंबलं की सोसायटीचा सेक्रेटरी किंवा ठेकेदार म्हणतो, "पाच मिनिटांचं काम आहे, उतर खाली." नाही म्हटलं तर रोजी जाण्याची भीती, उतरलं तर जिवाची. म्हणून काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवा.

धोका काय?
बंद टाकीत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पण वायू वाढला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं नव्हे. प्रमाण जास्त असेल तर एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो. तोंडाला रुमाल बांधून किंवा दारू पिऊन वायू अडत नाही.

कसं बोलावं?
१) आवाज चढवू नका. भांडण झालं की टाकीचा विषय मागे पडतो आणि तुमचा उद्धटपणा तेवढा सांगितला जातो.
२) कामाला नाही म्हणू नका, उतरायला म्हणा. "साहेब, कामाला ना नाही. सक्शन गाडी मागवा, पाइप मी धरतो. आत मात्र उतरणार नाही."
३) कायदा शांतपणे सांगा. सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. "साहेब, काही झालं तर केस तुमच्यावर येईल."
४) मुकादम ओळखीचा असेल तर त्याची अडचणही समजून घ्या. "दादा, तुमच्यावर वरून दबाव आहे, कळतं मला. आपण दोघं मिळून साहेबांना सांगू."
५) एकटे बोलू नका, जोडीदाराला सोबत घ्या. तरीही जबरदस्ती झाली तर तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा आणि १४४२० या हेल्पलाइनवर कळवा.

कोणी आत पडलाच तर त्याला काढायला उडी मारू नका. वाचवायला गेलेलेही असेच दगावतात. १०१ वर अग्निशमन दलाला आणि १०८ वर रुग्णवाहिकेला बोलवा.

घरच्यांनीही आजच सांगून ठेवावं: "एक दिवसाची रोजी बुडाली तरी चालेल, तुम्ही उतरू नका." घरचा असा आधार असला की साहेबापुढे नाही म्हणणं सोपं जातं.