पेटीच्या कडीवरील गंज

वसतिगृहात दाखल होणाऱ्या मुलासोबत पत्र्याची पेटी येते. पुष्कळदा ती आईच्या मजुरीतून घेतलेली असते. म्हणून कडी गंजली एवढ्यावरून पेटी टाकून देणे आम्हांस उचित वाटत नाही.

लोखंडाचा ओलावा व हवेतील प्राणवायू यांच्याशी संयोग होऊन गंज तयार होतो. तो सच्छिद्र असल्याने आतील लोखंडही पोखरले जाते.

कडी पेटीस पक्की जडविलेली असल्याने बुडविता येत नाही. यास्तव पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजविलेली चिंधी तिच्याभोवती दोन-तीन तास गुंडाळावी. त्यातील ॲसेटिक आम्ल गंज विरघळविते. व्हिनेगर नसल्यास चिंचेचा दाट कोळ चालतो. पत्र्यावरील जस्ताचा मुलामा आम्लाने झिजतो, म्हणून कडीखाली प्लास्टिकचा तुकडा सरकवावा. नंतर दात घासण्याच्या जुन्या ब्रशने घासून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावे, म्हणजे उरलेले आम्ल निष्प्रभ होते. शेवटी स्वच्छ पाण्याने पुसून, पूर्ण कोरडे करून शिलाई मशीनच्या तेलाचे बोट फिरवावे.

दर पावसाळ्यापूर्वी हे तेल मुलांनी स्वतः लावावे, असा आमचा आग्रह असतो. अशी जपलेली पेटी पुढे धाकट्या बहिणीच्याही उपयोगी पडते.