पावसाचा हिशेब : 'शून्य' वेगळे, 'नोंद नाही' वेगळे



काट्यावर आधी भरलेल्या गाडीचे वजन होते, मग रिकाम्या गाडीचे. वजा जाता उरतो तो आपला ऊस. समजा, एका खेपेची पावती भिजली आणि वजन वाचता येईना. तिथे कारकुनाने 'शून्य टन' लिहिले, तर आपण गप्प बसू का? ऊस तर गव्हाणीत गेलाय. फक्त आकडा कळेना. पावसाच्या रडारचे आकडे वाचणाऱ्या संगणकाच्या हातूनही हीच चूक होऊ शकते. ती कशी शोधायची आणि कशी दुरुस्त करायची, ते या पाठात पाहू.

रडार थेट पाऊस मोजत नाही. ते लहरी सोडते आणि थेंबांवर आपटून परत आलेल्या लहरीची ताकद मोजते. त्यावरून काढलेले माप म्हणजे डीबीझेड. अमेरिकेत नेक्सरॅड नावाचे सुमारे 160 रडारांचे जाळे आहे. त्याच्या फाइलीत जागा वाचावी म्हणून हे माप पूर्णांकात साठवतात. वाचताना त्यातून 66 वजा करायचे आणि 2 ने भागायचे. 146 असेल, तर उत्तर 40 डीबीझेड.

पण 0 आणि 1 ही मापे नव्हेत, त्या खुणा आहेत. 0 म्हणजे परत आलेली लहर नोंदण्याइतकीही नाही. 1 म्हणजे आधी सोडलेली लहर लांबून उशिरा परतली आणि सरमिसळ झाली. इथले खरे माप कळत नाही. या 1 लाच सूत्र लावले, तर उणे 32.5 असा निरर्थक आकडा येतो.

अमेरिकेतील अर्गॉन प्रयोगशाळेत तयार झालेली पाय-आर्ट ही प्रणाली अशा फाइली वाचते. ती पायथन भाषेत असून तिच्या आज्ञा कोणालाही पाहता येतात. पायथनमध्ये न कळणाऱ्या घरावर झाकण घालायची सोय आहे. झाकलेले घर हिशेबात धरत नाहीत. मात्र एखाद्या फंक्शनने, म्हणजे ठराविक काम करणाऱ्या आज्ञांच्या संचाने, झाकणाच्या तक्त्याचा साधा तक्ता केला, की झाकण गळून पडते. खालचा आकडा गुपचूप बेरजेत शिरतो. यंत्र बंद पडत नाही, तक्रारही करीत नाही. खरा धोका तोच.

उदाहरण घ्या. चार घरांत 146, 146, 146 आणि 1 आहेत. मार्शल-पामर यांच्या सूत्राने 40 डीबीझेड म्हणजे ताशी सुमारे 11.5 मिलिमीटर पाऊस. तीन घरांची सरासरी 11.5. झाकण गळाले, तर चौथ्या घरात जवळजवळ शून्य पाऊस धरला जातो आणि सरासरी 8.6 येते. पावाभर पाऊस कागदावरच आटला!

दुरुस्तीची रीत अशी :

1. मूळ फाइलीला हात लावू नये. काम प्रतीवर करावे.

2. वरच्यासारखा चार घरांचा तक्ता घेऊन उत्तर आधी हाताने काढावे, मग तोच तक्ता फंक्शनला द्यावा.

3. उत्तर चुकले, तर प्रत्येक टप्प्यानंतर झाकलेली घरे मोजावीत. जिथे एकाचे शून्य झाले, तिथे बिघाड. दुरुस्ती त्याच ओळीत करावी. उत्तराला कशाने तरी गुणून 11.5 आणणे ही दुरुस्ती नव्हे, ती लबाडी.

4. चारही घरे झाकून पाहावे. उत्तर 'नोंद नाही' असेच यायला हवे.

5. हे छोटे तक्ते जपून ठेवावेत आणि पुढे प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवून पाहावेत.

आपल्याकडेही मुंबई, नागपूर, गोवा येथे हवामान खात्याची रडारे आहेत. नकाशावर आपल्या गावाची जागा कोरी दिसली, म्हणून पाऊस झालाच नाही असे धरू नका. उसाला पाणी सोडण्याआधी पर्जन्यमापक बघा आणि सरीत हात घालून ओल बघा. आणि वहीत, जो आकडा माहीत नाही तिथे शून्य न लिहिता सरळ 'नोंद नाही' असे लिहा.