तक्रार आणि उपकारस्तुती

प्रश्न : मी बदलापूरला राहते, नोकरी मुंबईत. लोकलची गर्दी, घराचे हप्ते, सासूबाईंचं आजारपण यांत प्रार्थना म्हणजे नुसती मागण्यांची यादी झाली आहे. चर्चमध्ये ‘सदैव उपकार माना’ ऐकलं की ढोंग वाटतं. समाधान कसं मिळेल?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : ताई, पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिलं ते कैदेत असताना. त्याच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो की, आहे त्या स्थितीत समाधानी राहायला तो शिकला. म्हणजे हे त्यालाही आयतं मिळालं नव्हतं; सवयीने आलं. शिवाय तो संकटाबद्दल नव्हे, संकटात आभार मानायला सांगतो. सासूबाईंच्या दुखण्याबद्दल उपकार मानायची गरज नाही.

आधी तक्रार मोकळेपणी देवापुढे मांडा. तेरावं स्तोत्र गाऱ्हाण्याने सुरू होतं आणि गाण्याने संपतं. मग रात्री झोपण्यापूर्वी त्याच दिवसातल्या तीन गोष्टी वहीत लिहा. ‘आरोग्य, कुटुंब’ असं मोघम नको. अंबरनाथला कुणी सरकून चौथी सीट दिली, सासूबाई दोन घास जास्त जेवल्या, असं नेमकं लिहा. त्यातल्या एका माणसाला दुसऱ्या दिवशी तोंडाने ‘थँक्यू’ म्हणा.

उपकारस्तुती म्हणजे मुकाट सोसणं नव्हे. सासूबाईंची सेवा एकटीवर पडत असेल, तर घरात कामं वाटून घ्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल किंवा मन उदास असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांनाही भेटा.