लस टोचल्यावर पाळी पुढे गेली तर?

मासिक पाळीविषयी मोकळेपणाने बोलण्याची आपल्याकडे पद्धत नाही. त्यामुळे पाळीबद्दलची शंका डॉक्टरांकडे उशिरा पोहोचते आणि अफवा मात्र घरोघरी लवकर पोहोचते. २०२१ साली कोरोनाच्या लशीच्या वेळी हेच घडले. १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना लस मिळणार असे जाहीर होताच, ‘पाळीच्या आधी पाच दिवस व नंतर पाच दिवस मुलींनी लस घेऊ नये, तेव्हा प्रतिकारशक्ती कमी असते’ असा संदेश मोबाइलवरून देशभर फिरला. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने २४ एप्रिल २०२१ रोजी तो खोटा असल्याचे जाहीर केले.

संदेश खोटा होता. पण लस घेतल्यानंतर पाळी लांबली, अंगावरून जास्त गेले, असे पुढे ज्या स्त्रियांनी सांगितले त्यांची तक्रार खोटी नव्हती. या दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पाळीचे चक्र कसे चालते?

पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र धरतात. ते २८ दिवसांचेच असावे असे नाही. २४ ते ३८ दिवसांचे चक्र निरोगी समजले जाते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग, त्याखालची पियुषिका ग्रंथी आणि ओटीपोटातील बीजांडकोश ही तिघे मिळून ते चालवतात. चक्राच्या पूर्वार्धात स्त्रीबीज पक्व होते. ते बाहेर पडल्यावर साधारण १४ दिवसांनी पाळी येते. हा उत्तरार्ध सहसा फारसा बदलत नाही. म्हणून पाळी पुढे गेली, तर बहुधा स्त्रीबीज बाहेर पडायलाच उशीर झालेला असतो. ताप, मानसिक ताण, जागरण, वजनातील चढउतार यांमुळे असा उशीर होतो. परीक्षेच्या दिवसांत मुलींची पाळी मागेपुढे होते, हे तर प्रत्येक आईला ठाऊक आहे.

लशीचा संबंध कोठे येतो?

लस टोचल्यावर शरीराची संरक्षणयंत्रणा जागी होते. अंग दुखते, कणकण येते. त्या वेळी रक्तात जी रसायने वाढतात त्यांचा पाळीच्या संप्रेरकांवर अल्पकाळ परिणाम होऊ शकतो. गर्भाशयाच्या अस्तरातही संरक्षक पेशी असतात, त्यामुळे रक्तस्राव कमीजास्त होण्याची शक्यता असते. हे कोरोनाच्या लशीपुरतेच नाही. विषमज्वराच्या लशीनंतर स्त्रियांच्या पाळीत फरक पडल्याची नोंद अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात १९१३ सालीच झाली होती.

तरीही कोरोना लशीच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांमध्ये पाळीची पद्धतशीर माहिती घेतली गेली नाही. स्त्रिया सांगू लागल्या तेव्हा ‘ताणामुळे झाले असेल’ असे म्हणून अनेकींची बोळवण झाली. उत्तर मिळत नाही म्हटल्यावर ती जागा अफवेने घेतली. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या अभ्यासासाठी पाच संस्थांना १६ लाख ७० हजार डॉलर दिले.

अभ्यासात काय आढळले?

जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील ३,९५९ स्त्रियांच्या पाळीच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांपैकी २,४०३ जणींनी लस घेतली होती. लस घेतलेल्यांची पाळी सरासरीने जेमतेम एक दिवस पुढे गेली. रक्तस्रावाचे दिवस वाढले नाहीत. एकाच चक्रात दोन्ही डोस घेतलेल्यांत फरक जास्त, सरासरी दोन दिवसांचा होता. पुढच्या एकदोन चक्रांत पाळी पूर्ववत झाली. त्याच वर्षी अनेक देशांतील १९,६२२ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही असाच निष्कर्ष निघाला.

सरासरी एक दिवस म्हणजे प्रत्येकीला एकच दिवस असे नव्हे. काहींना काहीच फरक पडला नाही, तर थोड्या जणींची पाळी आठवडाभर पुढे गेली. काहींना रक्तस्राव जास्त झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या समितीने फायझर व मॉडर्ना या लशींच्या माहितीपत्रकात ‘जास्त रक्तस्राव’ हा संभाव्य दुष्परिणाम नोंदवण्याची शिफारस केली. त्यांपैकी बहुतेक तक्रारी तात्पुरत्या व गंभीर नसलेल्या होत्या.

लशीमुळे मूल होत नाही, ही भीती मात्र निराधार आहे. मूल व्हावे म्हणून प्रयत्न करणाऱ्या अमेरिका व कॅनडातील दोन हजारांहून अधिक जोडप्यांच्या अभ्यासात लस घेतलेल्यांत व न घेतलेल्यांत गर्भधारणेच्या बाबतीत फरक आढळला नाही.

सगळेच लशीवर ढकलू नका

लशीला घाबरणे जसे चुकीचे, तसेच प्रत्येक तक्रार लशीच्या नावावर टाकून घरी बसणेही धोक्याचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आहे. अशा स्त्रीच्या अंगावरून दोनतीन महिने जास्त गेले तर ती अंथरुणाला खिळू शकते. पुढील तक्रारी असल्यास लस घेतलेली असो वा नसो, डॉक्टरांना दाखवावे :

• पाळी कायमची थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसणे. एक डाग दिसला तरी तपासणी हवी, कारण ही गर्भाशयाच्या कर्करोगाची सुरुवात असू शकते.
• तासातासाला पॅड किंवा घडी बदलावी लागणे, मोठ्या गाठी पडणे, चक्कर येणे. यात थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.
• आठ दिवसांहून अधिक रक्तस्राव.
• दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे.
• विवाहितेची पाळी आठवड्याहून अधिक चुकणे. आधी लघवीची तपासणी करून दिवस गेले आहेत का ते पाहावे.
• बिघडलेली पाळी तीन महिन्यांत पूर्ववत न होणे.

एक सोपी सवय लावून घ्यावी. घरच्या दिनदर्शिकेवर पाळीच्या पहिल्या व शेवटच्या दिवशी खूण करावी. लस घेतली तर तिचीही तारीख लिहावी. नोंद हाताशी असली की डॉक्टरांना निदान सोपे जाते आणि स्वतःलाही उगाच धास्ती वाटत नाही.

मुलींच्या मातांसाठी

सरकारी लसीकरणात १० व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारी एचपीव्ही लसही मुलींच्या वयात घेणे उत्तम. त्या दिवशी पाळी आली म्हणून मुलीला घरी ठेवू नये. पाळीत लस घेता येते. पोटात फार दुखत असेल तर आरोग्यसेविकेला सांगून दुसरा दिवस ठरवावा, पण लस चुकवू नये. पुढची पाळी दोनचार दिवस मागेपुढे झाली तर ते नवल नाही, हे मुलीला आधीच समजावून सांगावे. आईने आधी सांगितलेले असले की मैत्रिणीकडून आलेल्या अफवेवर मुलगी विश्वास ठेवत नाही.