भांडी धुण्याचे यंत्र : दुरुस्ती की नवी खरेदी?

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या डिशवॉशरमधून भांडी पांढुरकी निघतात. नवा घ्यावा का?

उत्तर : यंत्र निकालात काढण्यापूर्वी एका पेल्यावर व्हिनेगर चोळून पाहावे, थर निघाला, तर दोष यंत्राच्या वार्धक्याचा नसून बहुधा बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षारांचा आहे, असे समजावे. तळाच्या टाकीत डिशवॉशरचे भरड मीठ, स्वयंपाकातले बारीक मीठ कदापि नव्हे, वेळेवर भरले, आणि जाळीत अडकलेली भाताची शिते व कढीपत्ता काढून फवाऱ्याच्या पात्यांची छिद्रे मोकळी ठेवली, तर पुष्कळशा तक्रारींचे निवारण घरच्या घरी होते. पंप वा कंट्रोल बोर्डच निकामी होऊन दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्या किमतीवर जात असेल, तरच खरेदी रास्त होय, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तेव्हा प्रोग्रॅमांच्या लांबलचक यादीस न भुलता, आपल्या गावी कंपनीचा कारागीर व सुटे भाग मिळतात की नाहीत याची प्रथम खातरजमा करावी, आणि घरची सर्वांत मोठी स्टीलची कढई दुकानात नेऊन, ती खालच्या कप्प्यात ठेवल्यावर पाते निर्वेध फिरते का, हे प्रत्यक्ष पाहावे. ॲल्युमिनियमचा कुकर मात्र हातानेच घासावा. यंत्रात तो काळवंडतो.