एम. फार्म.ला निघालेल्या भाचीस

तुळिंज, नालासोपारा (पूर्व),
जि. पालघर



तुझे पत्र पोचले. बी. फार्म.च्या परीक्षेत तू प्रथम वर्गात उत्तीर्ण झालीस हे वाचून घरात सर्वांस आनंद झाला. आणि पुढे एम. फार्म. करावे की सांगलीतच औषधांचे दुकान काढून बसावे, याविषयी तू माझे मत विचारलेस याचे मला विशेष समाधान वाटले, कारण हल्ली निर्णय अगोदर घेऊन वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद तेवढा मागण्याचा रिवाज पडला आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधे तपासण्यात माझी सारी हयात गेली. तेव्हा मी जे लिहीन त्यात प्रयोगशाळेचा पक्षपात असणार, हे गृहीत धरूनच वाच.

पदव्युत्तर पदवीने नोकरीत बढती लवकर मिळते, जीपॅट ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळाला तर दरमहा 12,400 रुपयांची शिष्यवृत्ती 24 महिने पदरात पडते, हे हिशेब तू लिहिले आहेस आणि त्यांत काही वावगे नाही. दुकान काढणेही कमीपणाचे नव्हे. औषध समजावून देणारा जाणता माणूस गल्लीत असणे ही मोठी सोय आहे. परंतु एम. फार्म.ची चार सत्रे ज्यासाठी खर्ची घालावीत असे त्यात एकच आहे, आणि ते म्हणजे शेवटच्या दोन सत्रांतील संशोधनकार्य. पहिल्या दोन सत्रांत जे शिकवतात ते बुद्धिमान मुलगी ग्रंथालयात बसूनही शिकू शकेल. पण स्वतः काढलेल्या आकड्याखाली स्वतःची सही करणे, आणि ती सही खोडण्याची पाळी आली तर का खोडली ते लिहून ठेवणे, हे हाताला वळण लागल्याखेरीज येत नाही.

या सहीचे मोल काय, ते सांगतो. 1986 सालच्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा आणि डोळ्यांतील दाब उतरावा म्हणून रुग्णांना ग्लिसरीन देण्यात आले, आणि त्या ग्लिसरिनात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असल्याने मूत्रपिंडे निकामी होऊन 14 जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुढे त्याची चौकशी केली, आणि दोषाचा माग पुरवठादारापाशी न थांबता रुग्णालयाच्या खरेदीपासून औषध प्रशासनाच्या दप्तरापर्यंत पोचला. दोन्ही द्रव रंगहीन, दोन्ही दाट, दोन्ही चवीला गोड. डोळ्यांनी किंवा जिभेने भेद कळणे अशक्य, आणि विषारी द्रव स्वस्त. वायू-वर्णलेखन, ज्याला आपण जीसी म्हणतो, त्याच्या एका चाचणीत मात्र तो भेद लपत नाही. याच विषारी द्रवाने 1937 साली अमेरिकेत शंभरावर माणसे मारली आणि तेथील औषध कायदा पुढच्याच वर्षी बदलला. आणि 2025 साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची कोवळी मुले खोकल्याच्या औषधाने गेली, तेव्हा त्या बाटल्यांतही हाच द्रव शेकडा 48 हून अधिक प्रमाणात निघाला. जवळजवळ नव्वद वर्षे एकच विष, एकच वाट. ज्ञान कमी पडले असे यांतील 1937 नंतरच्या दोन प्रसंगी तरी म्हणता येणार नाही. पिंप उघडून नमुना काढण्याचे काम कोणीतरी केले नाही, इतकेच.

आता प्रयोगशाळेतील एक रोजचा प्रकार घे. डिझोल्यूशनचे यंत्र तुझ्या परिचयाचे आहे: सहा काचपात्रे, प्रत्येकात बहुधा 900 मिलिलीटर द्रावण, तापमान 37 अंशांवरून अर्ध्या अंशाहून अधिक ढळू द्यावयाचे नाही, आणि प्रत्येक पात्रात एक गोळी. ठरल्या मिनिटाला नमुना ओढावयाचा, गाळावयाचा, आणि औषध शेकडा किती विरघळले ते मोजावयाचे. समज, मर्यादा 80 ची आहे, पाच पात्रांचे आकडे 90 च्या पुढे आले आणि सहाव्याचा 71 आला. संध्याकाळचे सहा वाजून गेले आहेत, माल न्यावयास आलेला ट्रक फाटकाशी उभा आहे आणि साहेब दारातून दोनदा डोकावून गेले आहेत. अशा वेळी मन हळूच सुचवते की नमुना ओढताना बुडबुडा आला असेल, गाळणी नीट बसली नसेल, पुन्हा एकदा लावून पाहावे. फार्माकोपियाने ही मनोवृत्ती फार पूर्वी ओळखलेली आहे. पहिल्या सहा गोळ्या निकषात बसल्या नाहीत तर आणखी 6 घ्याव्यात आणि 12 गोळ्यांची सरासरी पाहावी. तेथेही निभाव लागला नाही तर आणखी 12 घेऊन 24 ची पाहावी. त्यापुढे पंचविसावी गोळी नाही. शिवाय तो 71 चा आकडा वगळावयाचा नाही. त्याला हिशेबात धरूनच प्रत्येक सरासरी काढावयाची. कोणत्याही धर्मशास्त्राने प्रायश्चित्ताची मर्यादा इतकी नेमकी आखली असेल असे मला वाटत नाही. बुडबुडा खरोखरच आला असेल, तर तो त्या क्षणी वहीत लिहिलेला असला पाहिजे. आकडा पाहिल्यानंतर आठवलेला बुडबुडा ग्राह्य नव्हे.

शाखा कोणती घ्यावी, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. फार्मास्युटिक्स घे किंवा औषध-विश्लेषण घे. मला विचारशील तर विश्लेषण. क्वालिटी अश्युरन्सला नोकरी लवकर लागते म्हणून मुलांची रांग असते, पण ज्याने स्वतः चाचणी केलेली नाही त्याने दुसऱ्याची चाचणी मंजूर करावी, हा व्यवहार मला मुळातच उफराटा वाटतो. रेग्युलेटरीचे तेच, परदेशांत पाठवावयाचे दस्तऐवज रचणे हे चांगले काम आहे, पण ते पाच-सहा वर्षे पदार्थाशी झटल्यानंतरचे. औषधी वनस्पतींची तुला ओढ आहे हे मी जाणतो. त्या शाखेत जाणार असशील तर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवर लिहिलेला निबंध आधी वाच. सर्पगंधा वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. वकिलांनी रक्तदाबाचे रुग्ण घेऊन शांतपणे मोजदाद केली, म्हणून जगाने कान दिला, आणि तीनच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. जव्हार-मोखाड्याकडची चार पाने आणावयाची, त्यांचा अर्क उंदरांना पाजावयाचा आणि गुण आला असे लिहून मोकळे व्हावयाचे, हा प्रकार करणार असशील तर दुकानच बरे.

(जाता जाता: 1932 साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात महादेव लाल श्रॉफ यांनी औषधनिर्माणशास्त्राचे अध्यापन सुरू केले, तेव्हा नुकत्याच झालेल्या चोप्रा समितीने बाजारातील औषधांच्या भेसळीचे वाभाडे काढले होते. आपले शास्त्र या देशात वर्गात आले ते असे, भेसळीच्या फिर्यादीमागोमाग.)

संस्थेविषयी थोडक्यात. माटुंग्याची 1933 सालची रसायन तंत्रज्ञान संस्था किंवा कलिन्याचे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी मिळाले तर उत्तमच. दोन्हीकडे आमच्या घरून जाता येईल आणि तुझ्या मामीने माळ्यावरची खोली आतापासूनच झाडून ठेवली आहे. मात्र विरारहून भरून आलेल्या गाडीत सकाळी नालासोपाऱ्यास पाय ठेवणे ही एक स्वतंत्र परीक्षा आहे, आणि पावसाळ्यात तुळिंज रस्त्यावर पाणी साचले की रिक्षावाले स्टेशनचे नाव काढू देत नाहीत. एचपीएलसीची चाचणी लावून शेवटच्या गाडीकडे पाहत बसणाऱ्या विद्यार्थ्याचे काम कधी नीट होत नाही. म्हणून वसतिगृह मिळत असेल तर आमची भीड न धरता ते घे आणि रविवारी जेवावयास येत जा. आपल्या जिल्ह्यात, पालघरकडे, घराजवळचे महाविद्यालय मिळाले तरी नाक मुरडू नकोस. नामांकित संस्थेतल्या, विद्यार्थ्याला सहा महिन्यांतून एकदा भेटणाऱ्या प्राध्यापकापेक्षा रोज प्रयोगशाळेत उभा राहणारा मार्गदर्शक लाख पटीने बरा.

तेव्हा आता असे कर. अर्जात पसंतीक्रम भरण्यापूर्वी ज्या दोन-तीन ठिकाणी मन बसले असेल तेथे स्वतः जा, मार्गदर्शक होऊ शकतील अशा प्राध्यापकांना भेट, आणि त्यांच्या मागील वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याची प्रयोगवही पाहावयास मिळेल का, असे नम्रपणे विचार. वहीत फसलेले प्रयोग तारखेसह नोंदलेले असतील तर तेथे नाव घाल. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत सारे आकडे सुरेख जुळलेले असतील तर चहा घेऊन परत ये. काय दिसले ते मला सविस्तर लिही, आणि अर्ज त्यानंतरच भर.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा