कॉलेजचे नवे सत्र

पाऊस लागला की कॉलेजे उघडतात. वर्षाचे दोन भाग करतात. एका भागाला सत्र म्हणतात. पहिले सत्र दिवाळीच्या सुमारास संपते. आपण पेरणीआधी बी-बियाणे बघून ठेवतो. कॉलेजातही तसेच. परीक्षा कधी, खेळ कधी, उत्सव कधी, हे आधी ठरवतात.

“पोरगं शिकाया गेलं, आन् तिथं उत्सव कसले?” एका आजोबांनी विचारले.

साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज घ्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ते १९४७ साली काढले. पहिल्या सत्रात तिथे दोन दिवस मोठे. २२ सप्टेंबरला भाऊरावांची जयंती. आणि ४ ऑक्टोबर. १९१९ साली याच तारखेला कऱ्हाड तालुक्यातील काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली.

भाऊरावांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत. एकदा घरात दाणा उरला नाही. पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आधीच दिले होते. मग त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. मुले जेवली.

अशा माणसांचा उत्सव करायचा तो कसा? मांडव घाला, मिरवणूक काढा, माझी ना नाही. पण त्याच सत्रात गरिबाचे पोर वर्गात टिकले पाहिजे. त्यासाठी ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. पहिली मुले शेतात राबत आणि शिकत. आता कुणी बागेत, कुणी ग्रंथालयात काही तास काम करतो. त्याचे पैसे मिळतात. फीला, खाणावळीला तेवढाच हातभार.

आमच्या माहितीतला एक मुलगा दुसऱ्या एका कॉलेजात होता. हुशार होता. गणपतीला घरी आला. खाणावळीचे पैसे थकले होते. तो परत गेलाच नाही. त्याच्या कॉलेजातही अशी योजना होती. नावे सत्राच्या आरंभीच लिहून घेतली होती. घरी कुणाला पत्ताच नव्हता! बापाला ते दिवाळीत कळले. तोवर पोरगा ऊसतोडीला गेला होता.

तेव्हा मुलाला, मुलीला पोचवायला जाल तेव्हा तडक कचेरीत जा. लाजू नका. विचारा, “साहेब, कमवा आणि शिका योजनेत नाव कधी घालायचं? कागद काय लागतात?” उत्तर कागदावर लिहून घ्या. आता लिहिता येते ना!